कठड्याची उंची

गेल्या महिन्यातली गोष्ट. सकाळचे साडेसात झाले असतील. वाईच्या घरी चहाचं आधण ठेवून मी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभी होते. खिडकीखालीच बाहेरची मोरी. आई तिथे पाटावर बसून देवाची उपकरणी घासत होती. भांड्यांना मावशी येतात, पण देवाची उपकरणी आणि स्वतःचं रोजचं पातळ ही दोन कामं आई अजून कुणाला देत नाही. चिंचेचा कोळ लावून तांब्या घासला, पळी घासली, निरांजन घासलं, सगळं विसळून ताम्हनात रचलं आणि उठायचं म्हणून तिने डावा हात बाजूला टाकला. न बघता टाकला, अंधारात आपला हात आपल्या घरातल्या दिव्याच्या बटणावर जातो तसा. हात खाली गेला. तिथे काही नव्हतं. आणखी खाली गेला, ती त्या अंगाला कलली, सावरली आणि परत पाटावर बसली. पडली नाही. मला हाक मारली नाही. हात मांडीवर घेऊन नुसती बसून राहिली, पुढ्यातल्या नव्या लादीकडे बघत. मग बऱ्याच वेळाने दोन्ही तळवे ओल्या जमिनीवर टेकून, रांगत्या मुलासारखी आधी ओणवी झाली, एक पाय पुढे घेतला, नळाची मान धरली आणि उठली. पदराने हात पुसले, ताम्हन घेऊन आत आली आणि म्हणाली, "चहा उतू चाललाय बघ."

जिथे तिचा हात गेला तिथे कठडा होता. तो मी काढून टाकला होता.

आमची मोरी घराच्या आत नाही. घर आणि शेजारच्यांची भिंत यांच्यामधल्या बोळात, आमच्या भिंतीला लागून, चार फूट बाय साडेतीन फुटांचा तो चौकोन. दोन बाजूंना कठडा, एका बाजूला घराची भिंत आणि नळ, चौथ्या बाजूला दगडी धुण्याचा उंचवटा. स्वयंपाकघराच्या बाजूच्या दारातून एक पायरी उतरलं की बोळ, दोन पावलांवर कठडा, कठडा ओलांडला की मोरी. या ओलांडण्याचीच अडचण होती. बोळातून बघितलं तर कठडा सहाच इंच उंच, पण मोरीची जमीन बोळापेक्षा आठ इंच खाली. म्हणजे सहा इंच पाय उचलायचा आणि पलीकडे चौदा इंच खोल, ओल्या जमिनीवर टाकायचा. आईला एकोणऐंशीवं चालू आहे. गुडघ्यातली कूर्चा झिजली आहे असं डॉक्टरांनी चित्र दाखवून सांगितलंय. दर पंधरा दिवसांनी मी पुण्याहून जाते, आणि दर वेळी तिला तो कठडा ओलांडताना बघून माझ्या पोटात गोळा यायचा. एक हात भिंतीला, एक पाय हवेत, आणि खालचं शेवाळ. रात्री पुण्यात झोपताना मला तो हवेतला पाय दिसायचा.

"आई, ही मोरी आपण करून घेऊ," असं मी दोन वर्षं म्हणत होते. "राहू दे गं, मला सवय आहे," असं ती दोन वर्षं म्हणत होती. बंगळूरहून भाऊ म्हणायचा, बाहेर बसायचंच कशाला, आत उभ्याने धुवायचं सिंक आहे ना. पण दहा मिनिटं उभं राहिलं की तिची कंबर धरते, आणि देवाची तांब्या-पळी खरकट्याच्या सिंकमध्ये ती धुणार नाही. शेवटी या चैत्रात मी हट्टच धरला. तेव्हा ती म्हणाली, "तुला बरं वाटणार असेल तर कर." हे वाक्य मी होकार म्हणून ऐकलं. आता आठवते तेव्हा त्यातला 'तुला' मला ऐकू येतो.

मिस्त्री आले ते पन्नाशीचे, बोलायला कमी, बघायला जास्त. कठड्याच्या कडेकडेने फिरले, मोरीत तांब्याभर पाणी ओतून ते कुठून कुठे जातं ते बघत बसले, बोळात एकदा वर आणि एकदा खाली नजर टाकली. म्हणाले, "ताई, कठडा नुसता खाली घेतला तर पावसाळ्यात बोळाचं पाणी सगळं आत येणार बघा. गटार मग तुमच्याच मोरीतनं वर येतंय." मग त्यांनी त्यांचा विचार सांगितला. मोरीच्या जमिनीत सहा इंच भर घालून ती वर घ्यायची, नहाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीतलं सांडपाणी जायचं तोंड, तेवढाच वर उचलायचा, आणि कठड्याच्या जागी बोळापेक्षा दोन इंच वर असा गोलसर उंचवटा ठेवायचा. बोळातून पाय जेमतेम उचलायचा, आत चारच इंच उतरायचं. बोळातलं पाणीही बाहेरच राहील. मला ते इतकं पटलं की मी तिथल्या तिथे उद्याचा दिवस ठरवला.

दुसऱ्या दिवशी छिन्नी लागली आणि कठडा आपलं वय सांगायला लागला. मला वाटायचं, कठडा म्हणजे एकसंध सिमेंटची गोष्ट. तो चार थरांचा निघाला, चार वेगवेगळ्या हातांचा. सगळ्यात वरचा भावाने २००९ मध्ये चढवलेला, कडक सिमेंटचा. त्यावर हातोडा पडला की टणत्कार व्हायचा. त्याखाली विटांचा एक थर आणि त्यावर शहाबादी फरशी. तो घरात नळ आला तेव्हाचा, १९८४ चा, मी तेव्हा चौदा वर्षांची होते आणि ओल्या सिमेंटवर पाय ठेवू नका म्हणून बाबा दिवसभर ओरडत होते, हे मला पक्कं आठवतं. त्या फरशीच्या खाली आवाज बदलला. टणत्कार संपला आणि भाकरी मोडल्यासारखा मऊ, कोरडा आवाज यायला लागला. मिस्त्रींनी तुकडा उचलून बोटांत चुरडला. "चुना हाय," ते म्हणाले.

आई तोवर दारातल्या पायरीवर येऊन बसली होती. तिला तो थर माहीत होता. ती लग्न होऊन या घरात आली ते १९६७ च्या वैशाखात, आणि त्याच वर्षी ११ डिसेंबरला पहाटे कोयनेचा भूकंप झाला. फडताळातली पितळी भांडी एकामागून एक खाली आली, त्या आवाजाने ती जागी झाली, आणि सासरी अंगणात पहिल्यांदाच सगळ्यांच्या देखत डोक्यावर पदर नसताना उभी राहिली. घर उभं राहिलं, मात्र मोरीमागच्या भिंतीला तडा गेला आणि मोरीचा दगडी काठ एका बाजूला ढळला. आजोबांनी तो परत बसवताना वर एक विटांचा थर वाढवला. तेव्हा सिमेंटला परमिट लागायचं, वेळेवर मिळायचं नाही, म्हणून चुन्यात केला. चुना गाळून, भिजवून आठ दिवस मुरत ठेवला होता असं आई सांगते. तो मुरण्याचा उग्र, ओला वास तिला अजून येतो. त्या चुन्याने अठ्ठावन्न वर्षं सांडपाण्यात काढली.

आणि सगळ्यात तळाशी काळा घडीव दगड. जेमतेम चार बोटं उंच. मूळची मोरी एवढीच होती, चार बोटं काठाची. दगडाच्या एका कोपऱ्याला गुळगुळीत पन्हाळीसारखी खोल रेघ होती. आजी त्यावर विळीला धार लावायची. तो दगड मी फोडू दिला नाही. तो आता तुळशीपाशी आहे.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी मी बघितली होती, आणि बघून सोडून दिली होती. सगळ्यात वरच्या, भावाच्या थराची आतली कडा सगळीकडे खरखरीत होती, फक्त नळाच्या बाजूला वीतभर लांबीची जागा तेवढी तुकतुकीत होती. घोटाई केल्यासारखी, हात फिरवला तर बोटं घसरतील अशी. मी मिस्त्रींना दाखवलीसुद्धा. "साबण लागून लागून झालं असेल," असं मीच म्हणाले. मिस्त्री काही बोलले नाहीत, छिन्नी तिथेच लावली. आई पायरीवरून बघत होती.

चार बोटांचा काठ चौदा इंचांवर कसा गेला, हे मला त्या थरांकडे बघून कळलं. बोळ वर आला म्हणून. आधी मातीचा बोळ, मग फरसबंदी, मग डांबर, मग काँक्रीट, मग त्या काँक्रीटवर पुन्हा काँक्रीट. जुना थर न उकरता नवा टाकला की रस्ता उंच होतो आणि घरं खाली जातात. आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या गावात, शहराच्या जुन्या पेठेत बघा, ज्या घरांना एके काळी तीन पायऱ्या चढून जावं लागे त्यांत आता एक पायरी उतरून जावं लागतं. बोळ एक थर वर आला की पावसाचं पाणी मोरीत शिरायचं. मोरीत शिरलं की पालापाचोळा आणि माती घेऊन शिरायचं, तोंड तुंबायचं आणि सांडपाणी भिंतीच्या पायात मुरायचं. आमच्या भिंती पांढऱ्या मातीच्या, पायात ओल गेली की फुगतात. म्हणून कठडा वाढवायचा. बोळ एक थर, कठडा एक थर. अठ्ठावन्न वर्षं हा सामना चालला. प्रत्येक वेळी माप घेतलं ते पाण्याचं: गेल्या श्रावणात पाणी कुठवर आलं होतं, त्याच्यावर चार बोटं. मोरीत बसणाऱ्या बाईला ते किती पडतंय, हे कुणी विचारल्याचं आईला आठवत नाही. आजोबांनी नाही, बाबांनी नाही, भावानेही नाही. मी विचारलं असं मला वाटत होतं.

त्या मोरीत घरातल्या बायकांचं केवढं आयुष्य गेलं. नळ यायच्या आधी आडाचं पाणी शेंदून पिंपात भरायचं आणि पिंप त्या कठड्याला टेकून असायचं. सकाळी राखेने भांडी, दुपारी धुणी, संध्याकाळी बाहेरून आलेल्यांचे पाय. कठड्यावर काय काय असे. करवंटीत राख, नारळाच्या शेंडीचा घासणा, चिंचेचा गोळा, साबणाची वडी, तुरटीचा खडा. आजी त्यावर बसून टाचा घासायची. मोरीच्या भोकातून पाणी मागे परसात जायचं, तिथे अळूचं बन होतं, कर्दळ होती आणि दोन केळी होत्या. दुसरं कुठलं पाणी त्यांना घातल्याचं मला आठवत नाही. १९७२ च्या दुष्काळात तांदूळ धुतलेलं पाणी भाज्यांना, भाज्यांचं भांड्यांना आणि भांड्यांचं अळूला, असं एक पाणी तीनदा वापरल्याचं आई सांगते. अळू तेव्हाही वाळलं नव्हतं. गटार बंदिस्त झालं, पाइप आला आणि परसातलं ते हिरवं गेलं. आता अळू मंडईतून आणतो. फतफतं होतं, पण पानावर पाण्याचा थेंब पाऱ्यासारखा पळताना बघायचा राहतो.

हे सगळं गोड आहे, आणि तेवढंच नाही.

भांड्यांना त्या काळी ज्या बाई येत त्यांचा एक कप होता. निळ्या फुलांचा, कान तुटलेला. तो घरात येत नसे. कठड्याच्या कोपऱ्यात पालथा घातलेला असायचा. चहा झाला की आजी दारात उभी राहायची, बाई तो कप सरळ करायच्या, आजी वरून धार धरायची, कपाला किटली लागू न देता. बाई मोरीतच उकिडव्या बसून चहा प्यायच्या, कप विसळायच्या आणि परत पालथा घालायच्या. मी वयात आल्यावर महिन्याचे चार दिवस माझाही तांब्या त्याच कोपऱ्यात असायचा. तो कठडा पाणी अडवत होता आणि माणसंही अडवत होता. आजी गेल्यावर पंधरा दिवसांच्या आत आईने तो कप उचलून फेकून दिला आणि बाईंना म्हणाली, "आता आत येऊन घेत जा." त्या आत आल्या नाहीत. कितीतरी दिवस बाजूच्या दाराच्या उंबऱ्यावर बसून प्यायल्या. आईही मग आपला कप घेऊन उंबऱ्याच्या आतल्या बाजूला बसायची. म्हणून छिन्नीने त्या कोपऱ्याचा टवका उडाला तेव्हा मला बरं वाटलं, हे लिहून ठेवायला हवं. विळीच्या दगडासाठी माझा जीव तुटत होता आणि त्या कोपऱ्याचा चुरा घमेल्यातून जाताना मी सुटल्यासारखी झाले होते. एकाच कठड्याचे ते दोन तुकडे.

नवी मोरी चार दिवसांत झाली. विटांच्या तुकड्यांची भर, त्यावर कोबा, त्यावर खरखरीत लादी, पाय न घसरणारी. मिस्त्रींनी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांना पातळी जुळवली आणि फुटाला पाव इंच असा ढाळ ट्रॅपकडे दिला. न्हाणी हा आपला घरातला शब्द देशभरच्या प्लंबरच्या तोंडी नहाणी ट्रॅप म्हणून बसलाय, याचं मला नेहमी कौतुक वाटतं. त्याच्या पोटात दोन इंच पाणी कायम साचून राहतं आणि तेवढंसं पाणी गटाराचा वास आणि झुरळं अडवून धरतं. उन्हाळ्यात घर बंद राहिलं की ते पाणी सुकतं आणि मग घरभर वास सुटतो, तेव्हा तांब्याभर पाणी ओतायचं, एवढंच. भिंत आणि जमीन मिळते तिथे मिस्त्रींनी अंगठ्याच्या जाडीची गोलाई भरली, कोपऱ्यात घाण धरू नये म्हणून. कठड्याच्या जागी गोलसर उंचवटा केला, पालथ्या वरवंट्यासारखा. त्यावर सात दिवस गोणपाट आणि दिवसातून तीनदा पाणी. ते पाणी मी मारलं, त्यासाठी रजा वाढवून राहिले. ओल्या सिमेंटचा तो थंड वास मला फार आवडतो. आठव्या दिवशी मिस्त्रींनी बोळाच्या वरच्या अंगाला चार बादल्या धडाधड ओतल्या. पाणी उंचवट्याशी आलं, कडेकडेने वळलं आणि गटाराकडे निघून गेलं. आत एक थेंब नाही. आई त्यावरून सहज आत गेली, सहज बाहेर आली. "छान झालं," म्हणाली. पुण्याला परत येताना खंबाटकी ओलांडेपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर तो सहज उचललेला पाय होता.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मी खिडकीपाशी उभी होते.

त्या सकाळी मी काही बोलले नाही. दिवसभर घरात वावरताना तो हवेतून खाली जाणारा हात दिसत राहिला. दुपारी आई आडवी झाल्यावर मी मोरीत जाऊन पाटावर बसले. पंचावन्न वर्षांच्या गुडघ्यांनी उठून बघितलं. उठता आलं, पण उठताना माझाही हात आपोआप डावीकडे गेला, आणि तेव्हा ती तुकतुकीत जागा डोळ्यांपुढे आली. वीतभर लांब, नळाच्या बाजूला, आतल्या कडेला. साबण नव्हता तो. रोज दोनदा, सोळा वर्षं, तिचा तळवा त्या कडेवर दाबून तिने सगळं अंग वर उचललं होतं. मी त्या मोरीत भांडी घासायला बसत होते तेव्हा चौदा वर्षांची होते आणि कुठलाही आधार न घेता उडी मारून उठत होते, त्यामुळे कठड्याचं हे काम मला कधी कळलंच नाही. मी दोन वर्षं तिचा पाय बघत होते. हात कधी बघितला नाही.

संध्याकाळी शेंगा निवडता निवडता विचारलं. ती आधी म्हणाली, "कुठं काय? पाय उचलावा लागत नाही आता, किती सोपं झालंय." मी म्हटलं, "आणि हात?" ती शेंगा निवडत राहिली. मग म्हणाली, "हाताचं होईल काहीतरी."

"तू तेव्हाच का बोलली नाहीस? मिस्त्री तिथं छिन्नी लावत होते, तू समोर बसली होतीस."

"इतक्या हौसेनं करत होतीस गं," आई म्हणाली. "आणि त्या वेळी मलाही कुठं एवढं माहीत होतं? हात जायचा तिथं, एवढंच."

हे दुसरं वाक्य खरं असावं. ज्याचा आधार रोज घेतो त्याचं नाव आपण घेत नाही. पण पहिलं वाक्यही खरं होतं, आणि ते मला जास्त लागलं. मी त्या घरात काही करू पाहते, तेव्हा माझी हौस मोडू नये म्हणून ती स्वतःचं किती आणि काय काय गिळत असेल, हे मला त्या मोरीपुरतं कळलं. बाकीचं कळलेलं नाही.

भावाला फोन केला. तो म्हणाला, स्टीलची दांडी बसव भिंतीला, मी मागवतो. दांडी दोन दिवसांत आली. मिस्त्रींनी भिंतीला ड्रिल लावून बघितलं तर पांढरी माती पिठासारखी गळायला लागली. "हितं बोल्ट धरायचा नाय," ते म्हणाले. मग मी दांडी नुसतीच हातात धरली आणि आईला म्हटलं, हिला धरून उठून बघ. तिचा डावा खांदा गेली चार वर्षं आखडलेला आहे. दांडी धरून ओढायला लागली आणि तोंड वेडंवाकडं झालं. दांडी ओढायची असते आणि कठडा दाबायचा असतो, हा फरक तिच्या खांद्याने मला दाखवला. ओढताना सगळा ताण खांद्यावर येतो, दाबताना कोपर सरळ होतं आणि अंग आपोआप वर येतं. दांडी परत खोक्यात गेली.

"मग कठडा परत बांधू," मी म्हटलं. मिस्त्री म्हणाले, "सगळा नको. पाय टाकायची बाजू अशीच राहू दे. नळाच्या अंगाला दीड हात बांधतो, भिंतीला जोडून. तिथनं पाणी यायचा प्रश्न नाही. उंची किती घेऊ, पहिल्याएवढीच? चौदा?" मी हो म्हणणार होते. चौदाची तिच्या हाताला सवय होती, चौदावर ती कडा तुकतुकीत झाली होती. पण तोंडातला शब्द मी धरून ठेवला आणि आईकडे बघितलं.

आई पायरी उतरली, उंचवट्यावरून आत गेली, पाट सरळ केला आणि बसली. आपल्या रोजच्या जागी, नळाला किंचित पाठ देऊन. मग तिने डावा हात बाजूला टाकला, तसाच, न बघता. या वेळी तो खाली गेला नाही. हवेत थोडासा खालीवर हलला, काहीतरी शोधत, आणि एका जागी थांबला. तळवा पालथा, बोटं किंचित वाकलेली. "इथं," ती म्हणाली.

मिस्त्री खाली बसले. त्यांनी टेप काढला नाही. शेजारच्या ढिगातली एक कोरडी वीट तिच्या तळव्याखाली आडवी ठेवली, तिच्यावर दुसरी. दुसरी वीट आणि तळवा यांच्यात चार बोटं जागा राहिली. तिसरी वीट त्यांनी हळूच बाजूने सरकवत आणली. ती तळव्याला अलगद लागली.

"एवढंच?" मिस्त्रींनी विचारलं. "पहिल्यापेक्षा चार इंच कमी हाय, आज्जी."

"पहिला मला उंचच पडायचा," आई म्हणाली. "खांद्यात कळ यायची."

सोळा वर्षं.

मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढून भिंतीवर रेघ मारायला हात पुढे केला. "थांबा जरा," आई म्हणाली. "उठून बघते. आणि इथं कोर ठेवू नका, गोल करा." तिने विटेवर हात नीट बसवला. विटा कोऱ्या होत्या, माल न लावलेल्या, जोर पडला तर सरकतील म्हणून मिस्त्रींनी पेन्सिल तोंडात धरली, पुढे वाकले आणि दोन्ही हातांनी तिन्ही विटा दोन बाजूंनी घट्ट दाबून धरल्या. मी पुढे होणार होते, पण तिने मान हलवली. तिने तळवा दाबला, कोपर सरळ झालं, आणि ती उठली.